भातवडी १६२४ : मलिक अंबरचा ‘ट्रिपल ऑप्शन’

या भागाचं निमित्त जरा वेगळंय. एका श्रोत्यानं विचारलं होतं, अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल घेऊन पळत केलेला कुठला हल्ला थोपवायला सगळ्यात अवघड? इतिहासाच्या पॉडकास्टला हा प्रश्न म्हणजे किराणा दुकानात चप्पल मागण्यासारखं. पण मी त्याच्या मागे लागलो, आणि फिरून फिरून आलो कुठे, तर आपल्या नगर तालुक्यातल्या भातवडीला.

आधी अमेरिका उरकून घेऊ. तिथे अनेक जाणकार ‘ट्रिपल ऑप्शन’चं नाव घेतात. डाव असा, की समोरच्या बचावातला एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा. त्याला कुणी अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याच्यावर नजर ठेवतो. तो मधून घुसणाऱ्यावर झेपावला, की बॉल स्वतःकडे ठेवून क्वार्टरबॅक बाहेरून पळतो. तो जागेवर थांबला, की बॉल मधल्याला. पुढे दुसरा कुणी क्वार्टरबॅकवर चालून आला, की बॉल बाजूने पळणाऱ्या तिसऱ्याकडे. म्हणजे बचाव करणाऱ्यानं काहीही ठरवलं, तरी त्याचं चुकतंच. कबड्डीत कोपरा धरून उभं राहिलेल्यांना ही पंचाईत नीट कळेल. टेक्सास विद्यापीठानं १९६८ मध्ये यावरच बेतलेली ‘विशबोन’ रचना उतरवली. आखणी एमरी बेलार्ड यांची, मुख्य कोच डॅरेल रॉयल. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा हरले, आणि मग सलग ३० जिंकले! पुढे आर्मी आणि नेव्ही या लष्करी कॉलेजांच्या संघांनी असाच खेळ वर्षानुवर्षं धरून ठेवला. कारण साधं आहे. त्यांच्याकडे समोरच्याइतके धिप्पाड गडी नसतात.

धिप्पाड गडी नसलेला आणखी एक संघ म्हणजे निजामशाही.

मुघलांनी १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला. राजधानी गेली. तरी राज्य पुढची कितीतरी वर्षं जिवंत राहिलं, ते मुख्यतः एका माणसामुळे. मलिक अंबर. जन्म आजच्या इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनला पोचलेला. इथे तो निजामशाहीचा पेशवा झाला. जहांगीरला तो इतका सलत होता, की दरबारी चित्रकार अबुल हसननं अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण सोडणारा बादशहा रंगवला. चित्रातच बरं का! प्रत्यक्षात ते डोकं बादशहाच्या हाती कधीच लागलं नाही.

मुघलांकडे जड घोडदळ, तोफा, हत्ती. अंबरकडे हलकं घोडदळ, आणि त्यात मोठा भरणा मराठा बारगिरांचा. अंगावर फार ओझं नाही, मागे सामानाची लटांबर नाही. यायचं, रसद मारायची, आणि पाठलाग सुरू झाला की डोंगर-ओढ्यांत पांगायचं. यालाच पुढे बारगीगिरी म्हणायला लागले, आपण गनिमी कावा म्हणतो. आता हे फक्त ‘पळून पळून मारणं’ वाटत असेल, तर १६१६ ची जालन्याजवळच्या रोषणगावची लढाई बघा. तिथे अंबर मोकळ्या मैदानात शाहनवाजखानासमोर उभा राहिला आणि सपाटून हरला. मुघलांनी त्याची खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, उद्ध्वस्त केली. माझ्या मते भातवडी समजायची तर रोषणगाव आधी समजायला हवं. समोरासमोर ताकद लावली की आपण हरतो, हे त्याला तिथे फार महागात कळलं.

आता १६२४. शाहजहाननं बापाविरुद्ध बंड केलेलं, आणि त्याच्या पाठलागासाठी महाबतखान दख्खन सोडून उत्तरेत गेलेला. विजापूरचा इब्राहिम आदिलशहा तेव्हा मुघलांच्या बाजूला, आणि त्याचं चांगलं सैन्य मुल्ला मुहम्मद लारीच्या हाताखाली बुऱ्हाणपुरात. म्हणजे विजापूर उघडं! अंबर थेट त्याच्यावर गेला आणि वेढा घातला. घाबरलेल्या आदिलशहानं लारीला परत बोलावलं, सोबत लष्करखानाची मुघल फौजही निघाली. एवढं मोठं सैन्य येतंय म्हटल्यावर अंबरनं वेढा उठवला आणि तो आपल्या मुलखाकडे मागे सरकत गेला. पाठलाग करणाऱ्यांना वाटलं असणार, म्हातारा दमला. तेव्हा तो पंचाहत्तरीच्या आसपास होता.

तो थांबला भातवडीला. नगर शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवरचं गाव. तिथला तलाव निजामशाहीचा वजीर सलाबतखान याच्या नावानं ओळखला जातो. (नगरकर ज्याला चांदबीबी महाल म्हणतात, ती याच सलाबतखानाची कबर.) अंबरनं तलावाचा बांध फोडला. त्यात पाऊस. सगळीकडे चिखल, आणि त्या चिखलात तोफा, हत्ती आणि जड घोडदळ.

मग तोच ‘ऑप्शन’. छावणीतच थांबावं, तर धान्य संपतंय, रात्री छापे पडतात, झोप नाही. बाहेर पडून पाठलाग करावा, तर चिखलात रांग तुटते आणि तुटलेल्या तुकड्यांवर बारगीर येतात. विजापूरचे उपाशी शिपाई तर पळून अंबरकडेच यायला लागले. गंमत बघा, नगरचा किल्ला मुघलांच्याच ताब्यात होता, जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर. तरी एवढी फौज तिथवर पोचू शकली नाही. शेवटी अंबरनं जोरात हल्ला केला. लारी मारला गेला, लष्करखान आणि बरेच सरदार कैद झाले. खंजरखान तेवढा निसटून नगरच्या किल्ल्यात शिरला, तर अंबरनं त्या किल्ल्यालाच वेढा दिला.

तुलना इथे सोडू या. फुटबॉलमध्ये हरलेली पोरं घरी जातात. भातवडीत शहाजीराजांचा सख्खा भाऊ शरीफजी मारला गेला. नगरच्या शाह शरीफ पिराला मालोजींनी नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी, असं परंपरेनं सांगतात. त्यातला एक नगरच्याच मातीत पडला. त्याची समाधी भातवडीत आहे.

आणि विजय कुणाचा, यावर आजही कमेंटमध्ये भांडणं होतात. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त शहाजीराजे आणि भोसले मंडळींचा पराक्रम पुढे येतो, इतर बखरकार-तवारिखकार अंबरचं नाव घेतात. मला विचाराल तर बांध फोडायची अक्कल अंबरची आणि चिखलातून घोडा काढायची हिंमत बारगिरांची. एकाला वगळून दुसऱ्याची गोष्ट सांगताच येत नाही. त्या काळातल्या लोकांना मात्र हे वाटून घेणं जमलं नाही. लढाईनंतर थोड्याच काळात शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. मे १६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. दहा वर्षांनी, १६३६ मध्ये निजामशाही संपली. तिला अखेरपर्यंत धरून ठेवणारा सरदार कोण होता? परत आलेले शहाजीराजेच. ती गोष्ट माहुलीच्या किल्ल्यावर संपते, आणि ती पुढच्या भागात.