भुलेच्या उंबरठ्यावरचे मूल

१/९
१६ ऑक्टोबर १८४६. बोस्टन येथे विल्यम मॉर्टनने रुग्णाला ईथरची वाफ दिली आणि जाहीर प्रात्यक्षिकात वेदनेविना शस्त्रक्रिया पार पडली. वेदना हरली. मात्र शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी रडणाऱ्या बालकाची भीती हा वैद्यकाचा प्रश्न व्हायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

२/९
तोवर रीत सोपी होती. मूल रडले तर हातपाय धरायचे, तोंडावर मास्क ठेवायचा. जागे झाल्यावर लेकरू सारे विसरते, असा समज होता.

३/९
१९४५ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी या समजाला धक्का दिला. शस्त्रक्रियेनंतर काही मुले रात्री किंचाळत उठत, आईला चिकटून राहत, विनाकारण हट्टी होत. लेव्हींना त्यात रणांगणावरून परतलेल्या सैनिकांच्या मनोव्याधीशी साम्य दिसले.

४/९
१९५२ साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक मूक चित्रपट दाखवला. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची मुलगी त्यात दिसते. ती फारशी रडत नाही; हळूहळू आईपासूनच तुटत जाते. अनेक डॉक्टर संतापले. पण दिसलेले नाकारणे कठीण होते.

५/९
१९५९ च्या प्लॅट समितीने ब्रिटनमध्ये शिफारस केली : आईवडिलांना भेटीची मोकळीक द्या, लहान मुलांसोबत आईच्या मुक्कामाची सोय करा.

६/९
मग प्रश्न आला, भीतीचा परिणाम केवळ मनावरच होतो का? २००६ मध्ये झीव केन व सहकाऱ्यांनी टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ५ ते १२ वर्षांच्या २४१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अधिक घाबरलेल्या मुलांना नंतर वेदना अधिक झाल्या, वेदनाशामकेही अधिक लागली. भूल उतरताना भान हरपून हातपाय झाडण्याचे प्रमाण त्यांच्यात ९.७ टक्के, तर शांत मुलांत १.५ टक्के आढळले.

७/९
२००७ मध्ये याच गटाने उपायही तपासला. पालकांना आधीच शिकवणे, मास्क घरी हाताळायला देणे, ऐनवेळी मन रमवणे. भूल देताना ही मुले मिडाझोलाम हे शामक औषध घेतलेल्या मुलांइतकीच शांत राहिली आणि रुग्णालयातून लवकर घरी गेली.

८/९
मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून उभे आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुले तपासतात. दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष असलेल्यांना शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवतात. नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या गुजरात सीमेवरच्या आदिवासी तालुक्यातील बालकासाठी हा प्रवास डोंगरातील पाड्यापासून शहरापर्यंतचा असतो.

९/९
महाराष्ट्रातील वॉर्डात आई खाटेशी असणे नित्याचेच. प्लॅट समितीला जे मागावे लागले, ते येथे रूढीनेच होते. ताटातूट होते ती शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी. घरी कोकणा बोलणाऱ्या लेकराला तेथे अनोळखी चेहरे आणि प्रमाण मराठी भेटते. आदल्या दिवशी हातात दिलेला मास्क आणि त्याच्याच बोलीत सांगितलेली चार वाक्ये यांना खर्च जवळजवळ नाही. शंभर वर्षे उशिरा उमगलेला हा उपाय पाड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचायला आणखी उशीर होण्याचे कारण नाही.