पिकअपची केबिन : प्रकार, प्रसार व लोप

पिकअप ट्रकची केबिन : पुढे चालकासाठी बंदिस्त केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा, अशी रचना असलेल्या हलक्या मालवाहू वाहनास पिकअप म्हणतात. केबिनची लांबी, तिच्यातील आसनांच्या रांगा आणि दारांची संख्या यांवरून या वाहनाचे जे भेद पडतात, ते केबिनचे प्रकार होत. एखादा प्रकार कारखानदार मोठ्या उमेदीने बाजारात आणतात आणि काही वर्षांनी तोच गाजावाजा न करता यादीतून वगळतात, हा व्यवहार वरकरणी लोकरुचीच्या लहरीवर अवलंबून असल्यासारखा भासतो. परंतु त्याच्या मुळाशी भूमिती, उत्पादनखर्च, सुरक्षाविषयक कायदे आणि करआकारणी यांचे निश्चित कार्यकारणसंबंध असून, हे वाहन जेथे सामान्य कुटुंबाच्या दाराशी येऊन पोहोचले त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

प्रकार : केबिनचे मुख्य प्रकार तीन आहेत. एकेरी केबिनीत (रेग्युलर कॅब) आसनांची एकच रांग व दोन दारे असून तीत दोन किंवा तीन माणसे बसतात. विस्तारित केबिनीत (एक्स्टेंडेड कॅब) त्या रांगेमागे थोडी जागा वाढवून लहान आसनांची किंवा अवजारे ठेवण्याची सोय केलेली असते; फोर्डने तिला ‘सुपर कॅब’, डॉजने ‘क्लब कॅब’ आणि निसानने ‘किंग कॅब’ म्हटले. दुहेरी केबिनीत (क्रू कॅब) आसनांच्या दोन पूर्ण रांगा व चार पूर्ण दारे असून पाच ते सहा माणसे सुखाने बसू शकतात. आपल्याकडील चालक व गॅरेजवाले पहिल्या व तिसऱ्या प्रकारास अनुक्रमे ‘सिंगल केबिन’ व ‘डबल केबिन’ म्हणतात.

इतिहास : मोटारीच्या मागच्या भागावर सुताराकडून लाकडी हौदा बसवून घेण्याची प्रथा प्रारंभी सार्वत्रिक होती. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ वाहनास कारखान्यातच हौदा जोडून ते २८१ डॉलर किमतीस विक्रीस काढले, तेव्हापासून पिकअप हे कारखान्यात सिद्ध झालेले स्वतंत्र वाहन ठरले. त्यानंतर तीन दशके एकेरी केबिन हाच नियम होता, कारण शेतकरी, कारागीर किंवा दुकानदार स्वतः गाडी हाकीत असे, शेजारी फार तर एक मदतनीस असे, आणि उरलेली सारी लांबी मालासाठी हवी असे.

माणसांची टोळी व तिची अवजारे एकाच वाहनातून कामावर नेण्याची निकड ज्यांना होती, अशा गिऱ्हाइकांमुळे हा नियम प्रथम मोडला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५७ साली ‘ट्रॅव्हलेट’ नावाची सहा माणसांची केबिन आणली. तिला प्रारंभी तीनच दारे होती. चौथे दार १९६१ मध्ये आले. क्रू म्हणजे कामकऱ्यांची टोळी. दुहेरी केबिनला इंग्रजीत मिळालेल्या नावातच तिचा मूळ हेतू नोंदलेला आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९५८ च्या अखेरीस आपल्या मालवाहू गाडीची दुहेरी केबिन स्वतःच्या कारखान्यात बनविण्यास सुरुवात केली. पुढे डॉजने १९६३ च्या, फोर्डने १९६५ च्या आणि शेव्हरोलेने १९७३ च्या मालिकेत चार दारांची केबिन दाखल केली. तरीही दीर्घकाळ ती जड वर्गातील पिकअपपुरतीच मर्यादित राहिली, कारण तिचे ग्राहक मक्तेदार, सरकारी खाती आणि मोठी शेती करणारे लोक होते.

विस्तारित केबिनचा उदय १९७३ च्या मालिकेतील डॉजच्या ‘क्लब कॅब’पासून मानतात. फोर्डची ‘सुपर कॅब’ १९७४ मध्ये आणि डॅटसन या नावाने निसानची ‘किंग कॅब’ १९७७ मध्ये आली. स्वीकार व त्याग यांचा क्रम समजून घेण्यास डॉजचाच दाखला बोधप्रद आहे : ज्या कंपनीने हा प्रकार प्रचारात आणला तिनेच, सरकारी हमीच्या कर्जावर संकटातून सावरण्याच्या काळात, १९८२ नंतर तो बंद केला, आणि दरम्यान प्रतिस्पर्ध्यांनी त्या जागी आपले गिऱ्हाईक पक्के केलेले पाहून १९९० मध्ये तोच जुन्या साच्याच्या गाडीवर पुन्हा आणला.

दारांचा प्रश्न : विस्तारित केबिनच्या मागील जागेत शिरण्यासाठी पुढचे आसन कलवून अंग चोरून जावे लागे. ही अडचण दूर करण्यासाठी फोर्डने १९९७ च्या ‘एफ-१५०’ गाडीत सुपर कॅबच्या उजव्या बाजूस मागे बिजागरी असलेले तिसरे दार दिले. डॉजने १९९८ मध्ये असे दार दोन्ही बाजूंस दिले. ही दारे पुढचे दार उघडल्यावाचून उघडत नसत आणि दोहोंच्या मध्ये खांबही नसे. म्हणून हा केवळ संक्रमणकाळातील तोडगा ठरला. २००१ च्या मालिकेत फोर्डने हलक्या वर्गातील ‘एफ-१५०’लाच चार पूर्ण दारांची ‘सुपर क्रू’ केबिन दिली, आणि जनरल मोटर्सने २०१४ च्या शेव्हरोले सिल्व्हराडोमध्ये विस्तारित केबिनला पुढे बिजागरी असलेली स्वतंत्र दारे बसविली. अशा रीतीने मधला प्रकार हळूहळू तिसऱ्याच्या रूपास जाऊन मिळाला, आणि दोन भावंडांत फरकच उरला नाही तेव्हा दोघांनाही पोसण्याचे प्रयोजन कमी झाले.

भूमिती : पिकअपची सांगाडा-चौकट, म्हणजे चासी, हा तिचा महाग व मूलभूत भाग होय. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर बदलले की चौकट, प्रेरक दांडा, ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी व तारांचे जाळे हे सारेच बदलावे लागते. यास्तव कारखानदाराचा कल आसांतर कायम ठेवून त्यावर केबिन व हौदा यांची वाटणी करण्याकडे असतो. फोर्डच्या ‘एफ-१५०’मध्ये साडेसहा फुटी हौद्याची सुपर कॅब आणि साडेपाच फुटी हौद्याची सुपर क्रू ही दोन्ही वाहने सुमारे १४५ इंच आसांतराच्या एकाच चौकटीवर उभी राहतात. टोयोटाच्या २००७ च्या टुंड्रामध्येही ‘डबल कॅब’ व ‘क्रूमॅक्स’ यांची वाटणी हीच होती. माणसांना दिलेला एक फूट मालापासून काढून घेतलेला असतो, हे येथील मूळ गणित आहे.

ते गणित कारागिराच्या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे, हे एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. अमेरिकेत प्लायवूडचा तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद असतो. आठ फुटी हौद्यात तो आडवा पडतो आणि हौद्याचा मागचा फाळका बंद होतो, तर साडेपाच फुटी हौद्यात त्याचा अडीच फूट भाग बाहेर राहून फाळका उघडा टाकावा लागतो. दुहेरी केबिनीस आठ फुटी हौदा जोडता येत नाही असे नाही, परंतु तसे केल्यास वाहनाची लांबी इतकी वाढते की ते सामान्य घराच्या गॅरेजात मावत नाही व शहरात वळविणे कष्टाचे होते. म्हणून ती जोडणी बहुशः जड वर्गापुरतीच राहिली.

उत्पादनाचा हिशेब : प्रत्येक केबिनसाठी छप्पर, मागची भिंत, बाजूचे पत्रे व दारे यांचे स्वतंत्र साचे लागतात, वेल्डिंगसाठी निराळे आधारसांचे उभारावे लागतात, आणि जुळणीच्या साखळीवर निरनिराळी लांबी हाताळण्याची तजवीज करावी लागते. याखेरीज प्रकारांची संख्या बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढते : तीन केबिन, तीन हौदे, चार इंजिने, दोन प्रकारची चालनव्यवस्था आणि सजावटीच्या सहा श्रेणी धरल्या, तर कागदावर ४३२ जोडण्या होतात. त्यांपैकी कित्येक प्रत्यक्षात देऊ केल्या जात नाहीत. पण ज्या दिल्या जातात त्यांचे सुटे भाग, नियोजन व चाचण्या यांचा भार कारखान्यावर पडतोच. अमेरिकेतील ग्राहक बहुधा विक्रेत्याच्या आवारात उभी असलेली गाडी पाहून घेतो, मागणी नोंदवून महिनोन्‌महिने थांबत नाही. त्यामुळे जी जोडणी क्वचित खपते ती मागवून व्याज भरीत बसण्यास विक्रेताही नाखूश असतो, आणि आवारात ती दिसत नाही म्हणून तिचा खप आणखी घटतो.

यात नफ्याची तफावत मिळविली म्हणजे चित्र पूर्ण होते. एकेरी केबिनची गाडी प्रायः साध्या सजावटीत, ठोक मागणीने व निविदेच्या स्पर्धेत विकली जाते. दुहेरी केबिनची गाडी मात्र कुटुंबाची मोटार म्हणून घेतली जात असल्याने चामडी आसने, मोठे डिजिटल पडदे व तत्सम सरंजाम यांसह तिची किंमत बरीच वर चढविता येते. साखळीवरची जागा मर्यादित असताना कारखानदार ती कोणत्या केबिनला देईल, हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

कायदा व सुरक्षा : बालकांच्या सुरक्षेचे नियम दुहेरी केबिनला अप्रत्यक्षपणे अनुकूल ठरले. १९९० च्या दशकात पुढच्या प्रवाशासमोर हवेची पिशवी (एअरबॅग) आली, आणि मागे तोंड करून बसविलेल्या तान्ह्या मुलास तिच्या फुगण्याचा जबर आघात होऊ शकतो हे उघड झाले. ज्या वाहनांना मागचे आसनच नव्हते त्यांत ती पिशवी बंद करण्याची कळ बसविण्याची मुभा शासनाने दिली; तथापि लहान मुलांच्या आईबापांनी यापेक्षा सरळ उपाय पसंत केला, तो म्हणजे मागील पूर्ण रांग असलेली गाडी घेणे.

एकाच गाडीच्या निरनिराळ्या केबिन धडकेत एकसारख्या वागत नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये ‘एफ-१५०’च्या दोन केबिनची चाचणी घेतली, तेव्हा चालकाच्या बाजूच्या अल्पस्पर्शी (पुढच्या भागाची केवळ एक कड आदळणाऱ्या) धडकेत सुपर क्रूला उत्तम श्रेणी मिळाली, तर सुपर कॅब बरीच खालच्या श्रेणीत गेली, कारण चौकटीवरील संरक्षक जोड केवळ पहिलीलाच बसविले होते. पुढील वर्षी ते इतर केबिननाही देण्यात आले. अल्प खपाच्या प्रकारास संरक्षणाची समान पातळी द्यावयाची तर खर्च तितकाच येतो, आणि हा खर्च टाळण्याचा एक मार्ग म्हणजे तो प्रकारच बंद करणे.

इंधनकार्यक्षमतेच्या अमेरिकी मानकांत आसांतर व चाकांमधील रुंदी यांच्या गुणाकारास पायाक्षेत्र मानून, ज्याचे पायाक्षेत्र मोठे त्याचे लक्ष्य सौम्य ठेवण्याची पद्धत आहे. हलक्या मालवाहनांसाठी ती २००६ च्या नियमांनी आली. लहान आसांतराच्या एकेरी केबिनला त्यामुळे तुलनेने कठोर लक्ष्य लागते, तर लांब आसांतराच्या गाडीस सवलत मिळते.

कर व जकात : १९६३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर बसविलेल्या कराच्या प्रत्युत्तरादाखल, हलक्या मालवाहनांच्या आयातीवर २५ टक्के जकात बसविली. फोक्सवॅगनची एकेरी व दुहेरी केबिनची मालवाहू वाहने त्यामुळे त्या बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली, आणि परदेशांत विपुल असलेले केबिनचे प्रकार अमेरिकी ग्राहकास दुर्मीळ झाले. थायलंडात दुहेरी केबिनवर साध्या पिकअपहून अधिक अबकारी कर असल्याने तेथे विस्तारित केबिनला दीर्घकाळ आश्रय मिळाला. ब्रिटनमध्ये एक टन वा अधिक भार वाहणारी दुहेरी केबिनची गाडी नोकरदाराच्या सुविधाकरासाठी मालवाहन गणली जात असे; एप्रिल २०२५ पासून नव्याने घेतलेल्या अशा गाडीस मोटारीप्रमाणे कर लागू झाला.

अलीकडील लोप : टोयोटाने अमेरिकेत एकेरी केबिनची टकोमा २०१४ च्या मालिकेनंतर आणि एकेरी केबिनची टुंड्रा २०१७ च्या मालिकेनंतर थांबविली. निसानने टायटन या गाडीस एकेरी केबिन २०१७ च्या मालिकेत नव्याने दिली आणि २०२० च्या मालिकेत ती काढून घेतली. पूर्वी डॉज नावाने विकल्या जाणाऱ्या रॅमच्या २०१९ च्या नव्या ‘१५००’ गाडीत एकेरी केबिन नव्हती; ती हवी असणाऱ्यास जुन्या बांध्याची ‘क्लासिक’ घ्यावी लागे. शेव्हरोले कोलोरॅडो २०२३ पासून आणि फोर्ड रेंजर २०२४ पासून अमेरिकेत केवळ दुहेरी केबिनीत मिळते. हीच रेंजर इतर अनेक देशांत एकेरी केबिनीतही विकली जाते. प्रवाह सर्वस्वी एकाच दिशेचा आहे असे मात्र नाही : टोयोटाने २०२४ च्या टकोमात मागचे आसन मुळीच नसलेली, आसनामागे कुलूपबंद साठवण असलेली दोन दारांची ‘एक्स्ट्राकॅब’ आणली. फोर्ड व शेव्हरोले यांनी आपल्या मोठ्या गाड्यांत एकेरी केबिन राखली आहे, कारण नगरपालिका, वीज व पाणीपुरवठा संस्था आणि शेतकरी यांची ठोक मागणी तिला अद्याप तारून आहे.

भारत व महाराष्ट्र : भारतात पिकअपचा बाजार प्रथमपासून मालवाहतुकीचा असल्याने येथे एकेरी केबिनचे प्राबल्य आहे. टेल्कोने १९८८ साली पुण्याहून ‘टाटामोबाइल’ ही पिकअप आणली. महिंद्रची बोलेरो पिकअप एकेरी केबिनीत, तर ‘बोलेरो कॅम्पर’ दुहेरी केबिनीत मिळते. कामगार व अवजारे एकत्र नेणाऱ्या मक्तेदारास दुसरी सोयीची पडते. भाजीपाला, दूध व बी-बियाणे यांची ने-आण करणाऱ्यास मात्र हौद्याचा प्रत्येक फूट उत्पन्नाचा असल्याने तो पहिलीच घेतो. यातून एक गंभीर प्रश्न उद्भवतो. ऊसतोडणीचे मजूर, वऱ्हाडी मंडळी किंवा यात्रेकरू यांना पिकअपच्या उघड्या हौद्यात बसवून नेण्याचा प्रघात ग्रामीण भागांत आहे. तो कायद्याविरुद्ध तर आहेच, पण उलटणाऱ्या गाडीतून फेकल्या जाणाऱ्या माणसास तेथे ना पट्टा असतो ना छप्पर, म्हणून तो प्राणघातकही आहे.

निष्कर्ष : गाडीच्या लांबीत माणसे व माल यांची जी विभागणी बहुसंख्य ग्राहकांना परवडते ती केबिन टिकते, आणि ज्या प्रकाराची मागणी त्याच्या साच्यांचा, चाचण्यांचा व साठ्याचा खर्च भरून काढू शकत नाही तो लोपतो. अमेरिकेत ही विभागणी कुटुंबाच्या बाजूस झुकली, आणि त्याची किंमत साधी, लांब हौद्याची गाडी हव्या असलेल्या कारागिराने मोजली. भारतात ती मालाच्या बाजूस झुकलेली आहे, आणि त्याची किंमत हौद्यात बसणारा मजूर मोजतो. ज्यास रोज माणसे न्यावयाची आहेत त्याने दुहेरी केबिन घ्यावी, आणि नोंदणीपुस्तकात जितकी आसने लिहिली आहेत तितकीच माणसे गाडीत बसवावी.