प्रवेग आणि त्वरण

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. मला, मास्तरकीच्या सवयीमुळे असेल, १८४४ आठवते. त्या वर्षी दुर्गाराम मेहताजींनी सुरतेत मानवधर्म सभा काढली आणि त्यांच्या जोडीला होते आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग. दादोबा तेव्हा तिथल्या इंग्रजी शाळेवर होते. भुते उतरवणाऱ्या मांत्रिकांना जाहीर आव्हान देणारी ही मंडळी. त्याआधी, १८४२ मध्ये, दुर्गारामांनी पुस्तकांच्या प्रसारासाठी सुरतेत शिळाछापखाना आणला होता. म्हणजे लोकांच्या भाषेतले पुस्तक हवे ही निकड आधी, यंत्र मागाहून. शाळेत पुढे आलेल्या यंत्रांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला.

१९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ योजना आणली. आरंभी अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. स्मृती अवघी ३२ केबी, आणि पडद्यावर इंग्रजी. मी नोकरीला लागलो तेव्हा एका शाळेत त्यातला एक प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पाहिला. दसऱ्याला त्याला हार घालत. विज्ञानाच्या तासाला तो कधी उघडला नाही; किल्ली मुख्याध्यापकांकडे असे. (आता किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा फार बोलत नाही.)

२०१७ मध्ये गुजरातने ‘ज्ञानकुंज’ योजनेतून सरकारी शाळांच्या वर्गांत संगणक, प्रोजेक्टर आणि डिजिटल फळे देण्यास सुरुवात केली. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. पण उधना, लिंबायत भागातली आपली कितीतरी मुले गुजराती शाळेत जातात, आणि त्यात गैर काही नाही. अडचण येते ती बिऱ्हाड हलले की.

दोन वर्षांपूर्वी सुरतेहून एक मुलगी आमच्याकडे नववीत आली. बाप यंत्रमागावर होता, तो गावी परतला. घरात अहिराणी, शाळेत आजवर गुजराती. ‘गतीचे नियम’ शिकवताना मी ‘त्वरण’ म्हटले की ती खाली पाही. मी ढ समजलो, हे कबूल करतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातले कितीतरी आभासी प्रयोग मराठीत आणि गुजरातीतही मिळतात. त्यातली एक गाडी मी पडद्यावर चालवली. आलेखाची रेघ वर चढू लागली तशी पोरगी उभी राहून म्हणाली, “सर, हा तर प्रवेग!” आणि फळ्यावर येऊन सूत्र लिहिले. बिनचूक.

पडद्यावरची गाडी मागाल तेवढेच घर्षण घेते, हा तिचा दोष मला खटकतो. म्हणून लगेच सगळ्यांना व्हरांड्यात नेले. फळी तिरकी धरून गोट्या सोडल्या, मोबाइलवर चित्रण केले, मग तेच सावकाश फिरवून अंतरे मोजली. उत्तरे पडद्यासारखी नेटकी आली नाहीत. का, यावर अर्धा तास भांडण झाले.

वहीत तिने दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर मांडायला घेतले. त्वरणापुढे प्रवेग. चालीपुढे तिने लिहिले ‘झडप’. गुजरातीत तोच शब्द आहे. शेजारच्या पोराने तो मोठ्याने वाचला आणि तिच्या डब्यावर झडप घातली.