'लाईन' असलेलं घर: अंधाराचा इतिहास कसा वाचायचा?

आमच्या बार्शीटाकळीत वीज जात नाही, 'लाईन' जाते. एम.एस्सी.ला पुण्यात असताना मी "लाईन गेली" म्हटलं की रूमवरची पोरं हसायची. आता पीएच.डी.साठी घरातल्या उजेडाचा इतिहास अभ्यासताना वाटतं, आपला शब्द भलताच नेमका आहे. घरापर्यंत तार येणं वेगळं आणि त्या तारेतून वीज येणं वेगळं. आजचा लेख या फरकाबद्दल आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तुमच्या विषयातही असा एखादा फरक लपलेला असणार.

मे २०१०. जनगणनेच्या घरयादीसाठी एक गुरुजी आमच्याकडे आले. माझी सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. त्यांनी विचारलं, "उजेडाचं मुख्य साधन कोणतं?" आजोबा म्हणाले, "लाईन." गुरुजींनी विजेचा आकडा टाकला. गंमत अशी, की लाईन तेव्हा गेलेली होती. आत दिसत नव्हतं म्हणून गुरुजी ओट्यावर बसून लिहीत होते आणि कंदील त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेला होता.

इथं खोटं कोणीच बोललं नाही. प्रश्न 'मुख्य साधन' एवढाच होता. किती तास, कोणत्या वेळी, हे फॉर्ममध्ये नव्हतंच. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या ८३.९ टक्के घरांत उजेडाचं मुख्य साधन वीज होती. ग्रामीण भागात ७३.८ टक्के. आकडे बरोबर आहेत. पण "एवढ्या घरांत रात्री उजेड होता" असं त्यावरून लिहिलं, तर तुमचा निष्कर्ष चुकला.

आता त्या वर्षांतली परिस्थिती बघा. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. मागणी जास्त, वीज कमी. खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन चालायचं. पुढे फीडरचे 'अ' पासून 'ग' पर्यंत गट पडले: जिथं गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं अंधाराचे तास जास्त. म्हणजे एखाद्यानं बिल वेळेवर भरलं तरी त्याचा फीडर खालच्या गटात असेल, तर त्यानंही अंधारातच बसायचं. त्यात अनेक ठिकाणी गावठाण आणि शेतीपंप एकाच फीडरवर. पंपांचा भार कमी करायचा तर घरंही बंद व्हायची. म्हणून तर पुढे गावठाणाचे फीडर वेगळे करण्याची योजना आली. आमच्याच जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन नवे संच २००८ आणि २०१० मध्ये सुरू झाले. पण ती वीज ग्रिडमध्ये जाते. शेजारच्या तालुक्याला आधी मिळते असं काही नसतं.

अजून एक फसवा शब्द म्हणजे 'विद्युतीकरण झालेलं गाव'. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली तरी गाव मोजलं जायचं. शिवारातला एक पंपही पुरेसा. १९९७ मध्ये वीज वस्तीत हवी अशी अट आली. २००४ पासून किमान १० टक्के घरं आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागांवर वीज आवश्यक झाली. त्यामुळे १९८५ आणि २००५ चे तक्ते शेजारी ठेवून थेट तुलना करू नका. शब्द तोच आहे, अर्थ बदललाय.

हे सगळं कागदी वाटेल, पण अंधारात माणसं मरतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. बहुतेक ग्रामीण भागात, निम्मे पावसाळ्यात. मण्यार तर रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावतो आणि दंश फारसा दुखतही नाही. आमची आजी अंथरूण टाकायच्या आधी कंदील खाली धरून कोपरे बघायची. ही सवय कोणत्याच तक्त्यात नाही. तसंच रब्बीत हरभऱ्याच्या ओलिताला रातच्या पाळीची लाईन असली, की हातात बॅटरी घेऊन वावरात जाणारा माणूस. त्याच्याही घरापुढे आकडा विजेचाच.

मग मोजायचं काय? अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९९० च्या दशकात उजेडाच्या किमतीचा इतिहास लिहिला. त्यासाठी त्यांनी जुना रोमन मातीचा दिवा मिळवला, त्यात तिळाचं तेल घातलं आणि प्रकाशमापकानं उजेड मोजला. त्यांनी दिव्याची नाही, उजेडाची किंमत काढली. मला त्यांच्याकडून हेच शिकायला मिळालं: साधन मोजू नका, त्यापासून माणसाला काय मिळालं ते मोजा.

म्हणून कोणताही आकडा हातात आला की तीन गोष्टी विचारा. मूळ प्रश्न काय होता? त्या वर्षी शब्दाची व्याख्या काय होती? आणि उत्तर देणाऱ्याच्या घरात असं काय होतं, जे विचारलंच गेलं नाही?

सुरुवात घरापासून करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, कंदील खुंटीवरून कधी उतरला? आमच्याकडे तार कितीतरी आधी आली होती, पण कंदील माळ्यावर गेला तो चार्जिंगचा बल्ब आल्यावर. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या दोन तारखांमधल्या वर्षांवर आहे.