कब्रस्तानची जागा : जबाबदारी कोणाची, कागद कुठला

पावसाळ्यात कब्र खोदणं किती जड जातं ते गोरकनला विचारा. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. सखल जागेत थोडं खोदलं की पाणी लागतं, बाजू ढासळते, बगली कब्र टिकत नाही, मग संदूकी खोदावी लागते. म्हणून कागदावर दोन एकर दिसणाऱ्या कब्रस्तानात जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येते ती फक्त उंचावरची जागा. "जागा आहे की" असं म्हणणाऱ्यांना आम्ही हे आधी सांगतो.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 होती, त्यात मुसलमान साधारण दोन टक्के. दहा-वीस घरांच्या गावात स्वतंत्र कब्रस्तान नसेल तर जनाजा शेजारच्या गावी न्यावा लागतो.

जागा देणं म्हणजे कोणाची मेहरबानी नाही. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या नगरपरिषदांना आणि नगरपंचायतींना महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 लागू आहे. मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा पुरवणं आणि सांभाळणं हे त्यात कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. गावात हेच काम 1958 च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीकडे येतं. गोसीखुर्दमुळे उठलेल्या गावांसाठी आणखी एक गोष्ट : पुनर्वसित गावठाणात ज्या 18 नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यांत दहन-दफनभूमीही आहे.

आता कागदाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्या भागात पूर्वी मालगुजारी होती. मालगुजाराने तोंडी सांगितलं, "इथे मय्यत दफन करा", आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललं. 1951 मध्ये मालगुजारी गेली, जमिनी सरकारकडे आल्या. त्यामुळे सातबाऱ्यावर कब्रस्तान दिसलं नाही तर घाबरून जाऊ नका, तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये निस्तारपत्रक मागा. गावाच्या सामाईक हक्कांची नोंद त्यात असते. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 161 प्रमाणे ते जिल्हाधिकारी तयार करतात. शहरात आखीव पत्रिका बघायची. आणि जागा अजिबातच नसेल तर त्याच संहितेच्या कलम 22 प्रमाणे सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून देता येते. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा.

कब्रस्तान वक्फचं असेल तर हिशेब वेगळा. ते विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये सय्यद मोहम्मद साली लब्बई खटल्यात सांगितलं की सार्वजनिक कब्रस्तान ठरलेली जागा वापर थांबला म्हणून कोणाची खाजगी होत नाही. पण निकाल हाताशी असून नोंद नसेल तर भांडणार कशावर? 2025 च्या दुरुस्तीनंतर 6 जून 2025 ला उमीद पोर्टल सुरू झालं आणि नोंदीसाठी सहा महिने दिले गेले. तुमच्या मुतवल्लींनी नोंद केली का, हे जुम्याला सरळ विचारा. यात लाजायचं काय?

शहरात विकास आराखड्यावर नजर ठेवा. कब्रस्तानसाठी आरक्षण पडलं म्हणून जागा मिळाली असं होत नाही. दहा वर्षांत संपादन झालं नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढच्या 24 महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही, तर आरक्षण उडतं. मोठ्या शहरातही हाल तेच. गोवंडी-देवनारच्या लोकांना कब्रस्तानसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि 2024 मध्ये कोर्टाने मुंबई महापालिकेला चांगलंच सुनावलं.

थोडं आपल्या हातातलंही आहे. मय्यत पूर्ण मातीत मिसळल्यावर तीच जागा पुन्हा वापरायला शरीयतमध्ये मनाई नाही. पण सिमेंटचा ओटा बांधला की ती जागा कायमची अडते. पक्क्या कब्री नकोत हे सगळेच म्हणतात, घरची मय्यत झाली की विसरतात. ट्रस्टने रांगा आखून तारखेसह रजिस्टर ठेवलं तर कुठली रांग जुनी आहे ते कळतं. शिवाय "आमच्याकडे वर्षाला इतके दफन होतात" हा आकडा अर्जात लिहिता येतो.

कुंपण, रस्ता, पाणी यासाठी गावात जनसुविधा योजनेतून दहन-दफनभूमीची कामं होतात. त्यासाठी आधी ग्रामसभेचा ठराव लागतो. अर्जात मौजा, गट नंबर, क्षेत्र लिहा, सोबत नकाशाची नक्कल जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.