मेकॅनिकल व्हेप की रेग्युलेटेड? फरक बॅटरीचा, कायदा दोन्हीला एकच

मारेगाव : पुण्याला, नागपूरला किंवा हैदराबादला शिकायला-कामाला गेलेली पोरं दिवाळीत गावी येतात. एखाद्याच्या खिशात पेनासारखी किंवा छोट्या डबीसारखी वस्तू असते. ओढली की पांढरी वाफ निघते, आंब्याचा नाही तर पुदिन्याचा वास येतो. आजूबाजूची पोट्टी जमा होतात. मग प्रश्न सुरू होतात : ही कितीची, कोणती चांगली, यात 'मेकॅनिकल' आणि 'रेग्युलेटेड' असे दोन प्रकार असतात म्हणे, त्यातली कोणती घ्यावी? मोबाईलवर शोधलं तर परदेशातले व्हिडीओ समोर येतात. तिथं ती दुकानात उघड विकली जाते, त्यामुळं आपल्याकडचा कायदा त्या व्हिडीओत कोणी सांगत नाही.

म्हणून आधी कायद्याचं एक वाक्य सांगून ठेवू. भारतात दोन्ही प्रकारांवर २०१९ पासून बंदी आहे. सविस्तर पुढं येईलच. पण फरक काय तो समजून घेणं गरजेचं आहे, कारण जीवावर बेतणारी गोष्ट त्या फरकातच आहे. आणि ती फक्त व्हेप ओढणाऱ्यापुरती नाही. जागलीला जाणाऱ्याच्या टॉर्चमध्येही अनेकदा तोच सेल असतो.

व्हेप म्हणजे नेमकं काय

यात तंबाखू जळत नाही. एक बॅटरी, एक बारीक तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, आणि कापसात भिजलेलं एक द्रव, एवढाच संसार. बॅटरीनं कॉइल तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातीत ओढतात. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. १९६३ मध्ये अमेरिकेत अशा धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज झाला होता, पण तेव्हा ती बाजारात चालली नाही. आजचं रूप २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टनं आणलं.

मोटर आणि स्टार्टरचं उदाहरण

विहिरीवरच्या मोटरला स्टार्टर असतो. त्यात रिले असतो, कोणाकडं सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. एक फेज गेला किंवा लोड वाढला की स्टार्टर ट्रिप होतो आणि मोटर वाचते. पण स्टार्टर सारखा पडतो म्हणून काही जण वैतागून डायरेक्ट जोडणी करतात. मोटर चालते, पाणीही येतं. ज्या दिवशी गडबड होते त्या दिवशी मात्र थांबवणारं कोणी नसतं आणि वायंडिंग जळतं.

रेग्युलेटेड व्हेप म्हणजे स्टार्टर असलेली मोटर. बॅटरी आणि कॉइलच्या मधात एक छोटा सर्किट बोर्ड असतो. कॉइलचा रेझिस्टन्स किती, शॉर्ट तर नाही ना, सेल उलटा तर बसला नाही ना, व्होल्टेज फार खाली तर गेलं नाही ना, हे तो बघतो. बटन दाबून धरलं तर बहुतेक बोर्ड साधारण दहा सेकंदांत करंट तोडतात. बोर्ड तापला तरी बंद होतात. किती वॅट द्यायचे ते वापरणाऱ्यानं ठरवायचं असतं आणि सेल भरलेला असो की अर्धा, बोर्ड तेवढेच द्यायचा प्रयत्न करतो.

मेकॅनिकल म्हणजे डायरेक्ट मोटर. धातूची नळी, आत सेल, खाली दाबायचं बटन, वर कॉइल. सर्किट नाही, फ्यूज नाही. नळीचा धातूच तारेचं काम करतो. बटन दाबलं की सेलमध्ये जितकी ताकद असेल तितकी थेट कॉइलवर जाते. बोर्डच नाही त्यामुळं बिघडायला काही नाही, पाण्यात पडली तरी पुसून चालते आणि वाफ भरपूर निघते, असं शौकीन लोक सांगतात. ते खरं आहे. पण सगळा हिशेब माणसानं डोक्यात ठेवावा लागतो.

हिशेब कसा चुकतो

दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथं कामी येतो. व्होल्टेजला रेझिस्टन्सनं भागा, करंट निघतो. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.५ ओहमची असेल तर करंट ८.४ अँपिअर. ०.२ ओहमची असेल तर २१ अँपिअर. ०.१ ची असेल तर ४२ अँपिअर.

बोटाएवढ्या सेलमधून ४२ अँपिअर! यात वापरतात तो सेल '१८६५०' या मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. यातले चांगले सेलसुद्धा सतत २० ते ३० अँपिअरच्या वर द्यायला बनवलेले नसतात, आणि साधे त्याच्या निम्म्यालाही तापतात. रेग्युलेटेडमध्ये ०.१ ओहमची कॉइल लावली तर बोर्ड एक तर नकार देतो किंवा करंट आवरतो. मेकॅनिकलमध्ये सेल जळेपर्यंत देत राहतो. काही जण जास्त वाफेसाठी दोन सेल एकावर एक लावतात, मग ८.४ व्होल्ट होतात आणि ०.२ ची कॉइलही ४२ अँपिअर ओढते.

सेलवरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटणं ही दुसरी मोठी चूक. फक्त वरची टिकली प्लस असते, बाकी सगळं अंग मायनस असतं आणि टिकलीच्या कडेपर्यंत येतं. त्यामुळं वेष्टन वरच्या बाजूला फाटलं आणि धातूची नळी टेकली की शॉर्ट. तिसरं, काही नळ्यांमध्ये कॉइलच्या भागाची मधली पिन थेट सेलवर टेकते. ती पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर प्लस-मायनस दोन्ही एकत्र येतात. आणि चौथं, सेल तापून आतला गॅस बाहेर पडू लागला तर नळीला भोकं पाहिजेत. भोकं नसतील किंवा कचऱ्यानं बुजली असतील तर नळी आणि सुतळी बॉम्बमध्ये फार फरक राहत नाही, आणि ती त्या वेळी तोंडासमोर धरलेली असते.

हे नुसतं भीती घालणं नाही. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग इथं ३८ वर्षांच्या माणसाचा व्हेपच्या स्फोटात जीव गेला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला २४ वर्षांच्या तरुणाच्या तोंडासमोर व्हेप फुटली, तुकडा मानेत शिरून धमनी कापली गेली. दोन्ही घटनांत मेकॅनिकल पद्धतीची व्हेप होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्याआधी अमेरिकी अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातल्या आग आणि स्फोटाच्या १९५ घटना मोजल्या होत्या. त्यातल्या १२१ घटना व्हेप किंवा सुटा सेल खिशात असताना किंवा व्हेप ओढत असताना घडल्या. खिसा म्हटला की चाव्या आणि चिल्लर आलीच. सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चावी टेकायला वेळ लागत नाही.

मग रेग्युलेटेड सुरक्षित?

बॅटरीपुरतं बघितलं तर बरीच. छातीपुरतं बघितलं तर नाही. बोर्ड करंट मोजतो, द्रवात काय आहे ते त्याला कळत नाही. तापमान आवरणारा बोर्ड असेल तर कापूस कोरडा पडून जळण्याचं आणि त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी वायू निघण्याचं प्रमाण कमी होतं, एवढं खरं. पण निकोटीन तेच, वासाची रसायनं तीच. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा एक गंभीर आजार झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात भरती झाले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू होते. बेकायदा बाजारातल्या, गांजाचा अर्क असलेल्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा त्याच्याशी दाट संबंध सापडला. तिथं वस्तू रेग्युलेटेड होती की मेकॅनिकल, याला काही अर्थ उरला नाही.

आणि निकोटीन म्हणजे काय, हे कपाशीवाल्याला वेगळं सांगायला नको. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम ही मावा-तुडतुड्यावरची औषधं ज्या गटात मोडतात त्या निओनिकोटिनॉइड गटाचं नावच निकोटीनवरून पडलं. किडीच्या मज्जातंतूंवर ज्या ठिकाणी निकोटीन बसतं तिथंच ही औषधं बसतात. निकोटीन स्वतःसुद्धा जुन्या काळी फवारणीला वापरायचे. ते कातडीतूनही अंगात जातं. काही व्हेपच्या द्रवात एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन असतं आणि बाटलीवर फळाचं चित्र असतं. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर औषधाची बाटली लेकराच्या हाताला लागू द्यायची नाही, हे घरोघरी पक्कं झालं. या बाटलीलाही तोच नियम पाहिजे. लेकरानं ती तोंडाला लावलीच तर घरगुती उपाय करत बसू नये, ओकारी काढायला लावू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट ग्रामीण रुग्णालय गाठावं, आणि बाटली सोबत न्यावी.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढला. पुढं संसदेनं कायदा मंजूर केला, डिसेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि तो १८ सप्टेंबरपासूनच लागू धरला गेला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात सगळं बंद. ऑनलाईन विक्रीही त्यात आली. विकणाऱ्याला पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झडतीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे.

इथं एक पळवाट सांगणारे भेटतात. "मेकॅनिकलमध्ये सर्किटच नाही, मग ती इलेक्ट्रॉनिक कशी?" पण कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असो वा नसो, वाफ करून ओढायला देणारी सगळी रूपं धरली आहेत, नाव कोणतंही असो, आकार-रूप कोणतंही असो. ई-हुक्काही त्यात आहे. बोर्ड नाही म्हणून सुटू, या भरवशावर पानठेलेवाल्यानं दोन नग ठेवायला घेऊ नयेत. नुसत्या ओढणाऱ्याला वेगळी शिक्षा सांगणारं कलम या कायद्यात नाही. पण परदेशातून पार्सल मागवणं ही आयात होते, आणि मित्रासाठी आणून पैसे घेणं ही विक्री होते. हे पोरांच्या ध्यानात येत नाही.

खर्रा घोटून मिळतो, बिडी मिळते, मग हेच कायले बंद, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. धूर ओढणारे त्यात अवघे ३.८ टक्के, बाकी सगळा भार खाण्याच्या तंबाखूवर. म्हणजे आपल्याकडचं खरं दुखणं वाफेचं नाही, सुपारी-तंबाखू-चुन्याचं आहे. जुनी सवय मोडता येत नाही, निदान नवी तरी लागू देऊ नये, अशी बंदीमागची भूमिका होती. ब्रिटनमध्ये सरकारी दवाखानेच सिगारेट सोडायला व्हेपचा आधार घ्या म्हणतात, तेही खोटं नाही. पण तिथं द्रवात किती निकोटीन असावं याची मर्यादा आहे, बिल मिळतं, तक्रार करता येते.

आपल्याकडं निवडीचा प्रश्न इथंच अडतो. बंदीच्या बाजारात 'रेग्युलेटेड' म्हणून हातात पडलेल्या वस्तूत आत बोर्ड कसा आहे, सेल नवा आहे की जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, द्रव कुठं भरलं, हे तपासायला ना बिल ना वॉरंटी. बोगस बियाण्यात निदान पिशवी आणि लॉट नंबर दाखवून कृषी विभागाकडं जाता येतं. इथं तक्रार करायला गेलं तर आधी वस्तू कुठून आणली ते विचारतील.

तंबाखू किंवा खर्रा सोडायचाच असेल तर राष्ट्रीय क्विटलाईनचा १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, ते कायदेशीर आहे, पण किती आणि किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

घरात आधीच असेल तर, आणि टॉर्चचं

मेकॅनिकल असेल तर पहिलं काम म्हणजे आतला सेल बाहेर काढणं. वेष्टन फाटलेला, फुगलेला किंवा पडून चेपलेला सेल परत कशातही घालू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या जागी, गंजीपासून आणि कापसाच्या ढिगापासून दूर ठेवावा आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडं द्यावा. शेकोटीत टाकू नये. पोरं टाकतात.

तो सेल चांगला दिसतो म्हणून हेडटॉर्चमध्ये बसवायचा मोह होतो. मापात बसतोही. पण अशा सेलमध्ये बहुतेक वेळा स्वतःचं संरक्षक सर्किट नसतं आणि स्वस्त टॉर्चमध्येही नसतं, म्हणजे पुन्हा डायरेक्ट मोटर. बाजारात टॉर्चच्या सेलवर ८८०० किंवा ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा समजावा. या मापाचा चांगल्यातला चांगला सेलही साधारण ३५०० च्या आसपासच असतो. रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही, खाटेवर-गोधडीवर लावायचं नाही. सेल हाताला चटका बसेल इतका तापला, गोडसर वास आला किंवा फुसफुस आवाज आला तर उचलायला जाऊ नये. हात पोचत असेल तर आधी बोर्डाचं बटन बंद करावं, लेकरं बाहेर काढावी आणि प्लग सुटल्यावर लांबूनच बादलीभर पाणी ओतावं.