दृष्टिपटल आणि देह : एड्समधील नेत्ररोगाच्या संशोधनाचा एक अध्याय

वैद्यकाचा इतिहास सांगताना शोधांची आणि औषधांची कालानुक्रमे जंत्री देण्याचा प्रघात आहे. तिचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. तथापि संशोधकाने प्रथम कोणता प्रश्न मांडला, आणि उत्तर हाती आल्यावर त्या प्रश्नाचेच स्वरूप कसे पालटले, हे अशा जंत्रीतून कळत नाही. एड्स या रोगातील दृष्टिपटलाच्या विकारांवर अमेरिकेत डॉ. डग्लस जॅब्स व त्यांचे सहकारी यांनी जे कार्य केले, त्याचा परामर्श प्रस्तुत निबंधात या दृष्टीने घ्यावयाचा आहे. या संशोधकांनी प्रश्न विचारला तो नेत्राविषयी. उत्तर मात्र वेळोवेळी संपूर्ण देहाकडून आले, असे या इतिहासाचे सूत्र सांगता येईल.

१

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या असाधारण न्यूमोनियाची हकीकत प्रसिद्ध झाली. एड्सच्या लिखित इतिहासाचा प्रारंभ येथून मानतात. त्या पाचही रुग्णांत सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गाचा पुरावा मिळाला होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय होय. पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्याच नगरातील डॉ. गॅरी हॉलंड व त्यांचे सहकारी यांनी या नव्या व्याधीतील नेत्रविकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी रोगाचे कारण अज्ञात होते, एच. आय. व्ही. हा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला तो १९८३ साली. म्हणजे रोगकारण कळण्यापूर्वीच नेत्रतळावरील त्याच्या खुणा वैद्यांनी वाचावयास आरंभ केला होता.

या खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिला प्रकार कापसाच्या पुंजक्यांसारख्या पांढऱ्या ठिपक्यांचा. दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकृतीमुळे ते उमटतात व बहुधा आपोआप मावळतात. दुसरा प्रकार सायटोमेगॅलो विषाणूमुळे होणाऱ्या दृष्टिपटलदाहाचा, आणि तो भयंकर. हा विषाणू असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात आजन्म सुप्त असतो. रक्तातील सी. डी. ४ पेशींची संख्या दर घन मिलिमीटरला ५० च्या खाली उतरली, की तो जागा होतो. मग दृष्टिपटलाच्या पेशी मरू लागतात. मृत भाग पांढरट दिसतो, त्यात रक्तस्राव मिसळतात, आणि त्याची कड दिवसेंदिवस पुढे सरकते. संयुक्त औषधोपचारापूर्वीच्या काळात एड्सच्या सुमारे तीस टक्के रुग्णांना हा दाह गाठी, आणि उपचार न झाल्यास त्याचा शेवट अंधत्वात होई.

२

या दाहावर अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध गँसायक्लोव्हिर (१९८९) आणि दुसरे फॉस्कार्नेट (१९९१). दोन्ही विषाणूची वाढ थोपवितात, त्याचा नाश करीत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या तीव्र उपचारानंतरही शिरेतून रोज औषध देणे भाग पडे, आणि तेही मरेपर्यंत. गँसायक्लोव्हिरने रक्तातील श्वेतपेशी घटत. फॉस्कार्नेटने मूत्रपिंडांना अपाय होई व रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडे. यांपैकी कोणते श्रेयस्कर, हे ठरविण्यासाठी राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या साहाय्याने अनेक केंद्रांचे एक संशोधकमंडळ काम करू लागले. त्याचे अध्यक्ष होते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. जॅब्स.

१९९० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या तुलनेची आखणी काटेकोर होती. २३४ रुग्णांपैकी १२७ जणांच्या वाट्याला चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गँसायक्लोव्हिर आले, १०७ जणांच्या वाट्याला फॉस्कार्नेट. नेत्रतळाची छायाचित्रे तपासणाऱ्यांना कोणत्या रुग्णास कोणते औषध मिळाले हे ठाऊक नसे; दाहाची कड ठरावीक अंतराहून अधिक सरकली, तरच रोग वाढला असे ते मानीत.

नेत्रापुरते उत्तर असे आले, की दोन्ही औषधे सारखीच. परंतु ऑक्टोबर १९९१ मध्ये मृत्यूंची मोजदाद झाली, तेव्हा गँसायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी ६५ जण, म्हणजे ५१ टक्के, आणि फॉस्कार्नेट घेणाऱ्यांपैकी ३६ जण, म्हणजे ३४ टक्के, दगावल्याचे दिसून आले. आयुर्मर्यादेचा मध्यांक पहिल्या गटात ८.५ महिने, तर दुसऱ्यात १२.६ महिने होता. नेत्राचा प्रश्न सुटेपर्यंत प्रयोग तसाच रेटणे आता न्याय्य नव्हते. तो स्थगित झाला, आणि निबंध छापून येण्यापूर्वीच वैद्यांना निष्कर्ष कळविण्यात आला. दृष्टिपटलाच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाचे जगणे-मरणे तितक्याच दक्षतेने नोंदले गेले नसते, तर हा भेद कोणाच्याही ध्यानात आला नसता.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र सावधपणा हवा. फॉस्कार्नेट एच. आय. व्ही.लाही काही अंशी रोखते. उलट, गँसायक्लोव्हिर घेणाऱ्यांना श्वेतपेशी घटण्याच्या भयाने झिडोव्हुडिन पुरेसे देता येत नसे. तथापि एवढ्याने सर्व फरकाचा उलगडा होत नव्हता. शिवाय फॉस्कार्नेट न सोसल्याने औषध बदलावे लागलेल्यांची संख्या अधिक होती. पुढे दाह उलटलेल्या २७९ रुग्णांवर याच मंडळाने दुसरा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ फॉस्कार्नेटने रोग सरासरी १.३ महिने, गँसायक्लोव्हिरने २.० महिने, आणि दोन्ही एकत्र दिल्यास ४.३ महिने थोपला. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र या वेळी भेद आढळला नाही. संयुक्त उपचार नेत्राला सर्वांत हितकर; पण रोज तासन्‌तास चालणाऱ्या त्या उपचाराचा जाच रुग्णांना सर्वांत अधिक वाटला. उरलेल्या थोड्या आयुष्यातले किती तास सलाईनच्या नळीला बांधून घ्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रात मिळणारे नव्हते.

३

मग औषध नेत्रातच का ठेवू नये? नेत्रगोलात बसवून महिनोन्‌महिने गँसायक्लोव्हिर झिरपत ठेवणारी एक बारीक गोळी याच काळात सिद्ध झाली. राष्ट्रीय नेत्रसंस्थेतील डॉ. डॅनियल मार्टिन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये दाखविले, की उपचार लांबणीवर टाकलेल्या नेत्रांत रोग १५ दिवसांत वाढतो. गोळी बसविलेल्या नेत्रांत तो २२६ दिवस थोपतो. यश डोळे दिपविणारे खरे, परंतु विषाणू नेत्रापुरता मर्यादित नव्हता. गोळी न बसविलेल्या दुसऱ्या नेत्रात सहा महिन्यांच्या आत दाह उद्भवण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होती, आणि अन्य अवयवांतही तो पसरे. रक्षण झाले ते एका दालनाचे; घराचे नव्हे. त्यामुळे गोळीच्या जोडीला तोंडावाटे औषध देणे आवश्यक ठरले.

१९९६ पासून एच. आय. व्ही.विरोधी औषधे संयुक्तपणे देण्यात येऊ लागली, आणि ज्यावर नेत्रवैद्यकाने दशकभर परिश्रम केले तो दाह पाहता पाहता विरळ झाला. सी. डी. ४ पेशी पुरेशा वाढून टिकल्या, तर आजन्म मानलेला नेत्रोपचारही थांबविता येतो, असे आढळून आले. १९९८ मध्ये मान्यता मिळालेले फोमिव्हिर्सेन हे आपल्या जातीचे पहिलेच औषध. पण रुग्णच उरले नाहीत म्हणून ते पुढे बाजारातून गेले.

तरीही देहाचे सावरणे नेत्राला सर्वस्वी सुखाचे ठरले नाही. परतलेली प्रतिकारशक्ती विषाणूच्या अवशेषांवर तुटून पडते आणि नेत्रात नवाच दाह माजविते, हे १९९८ च्या सुमारास ध्यानात आले. डॉ. जॅब्स यांच्या नेतृत्वाखाली १९९८ ते २०१३ या काळात एड्सच्या रुग्णांचे जे दीर्घकालीन निरीक्षण झाले, त्यात अशा विकारांची मोजदाद झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यातील एका निबंधानुसार, तपासलेल्या रुग्णांपैकी ९.९ टक्के लोकांत उतारवयात होणारी पीतबिंदूची झीज मध्यम अवस्थेपर्यंत पोचलेली होती. वयाच्या मानाने हे प्रमाण फार मोठे. एके काळी ज्यांना वर्षभराचे आयुष्य उरे, त्यांच्या नेत्रांच्या वार्धक्याचा विचार करण्याची वेळ यावी, यातच त्या तीस वर्षांचे यश आणि त्याची मर्यादा दोन्ही आली.

४

भारतात एच. आय. व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे उघडकीस आला, आणि एड्समधील नेत्रविकारांच्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद त्याच शहरातील डॉ. ज्योतिर्मय बिस्वास व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. शासनाकडून विनामूल्य औषधे मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. प्रारंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ज्याचे निदान उशिरा होते, त्याच्यापुरता तो जुना दाह आजही इतिहासजमा झालेला नाही. दृष्टिपटलाच्या कडेला सुरू झालेला दाह रुग्णास जाणवतही नाही. बाहुली विस्फारून नेत्रतळ पाहिला, तरच तो सापडतो. म्हणून सी. डी. ४ पेशी फार घटलेल्या रुग्णाचे नेत्र, तक्रार नसली तरी, तपासले पाहिजेत. नेत्रवैद्याने देहाची मोजदाद ठेवावी, हे १९९१ च्या त्या प्रयोगाने शिकविले; देहाची चिकित्सा करणाऱ्यानेही नेत्रात डोकावावे, ही त्याच धड्याची दुसरी बाजू होय.